फाटकावरचे दोन दिवे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



खानदेशी माणसाच्या आयुष्यातला किती वेळ रेल्वेगेटवर उभं राहण्यात गेला, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. मुंबईहून हावड्याकडे जाणारी मोठी लाईन चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला जाते. सुरतेहून येणारी तापीकाठची लाईन नंदुरबार, अमळनेर, धरणगाव करत जळगावला येऊन मिळते. चाळीसगावहून एक फाटा धुळ्याला जातो. एवढे रूळ असलेल्या मुलखात रस्ता आणि रूळ एकमेकांना आडवे जाणारच. जळगावात पिंप्राळ्याचं गेट ठाऊक नाही असा माणूस विरळा. गेट पडलं की मोटारसायकलवाले इंजिन बंद करतात, बैल माना खाली घालतात, आणि अमळनेरकडचा कुणीतरी विचारतोच, "कोनती गाडी शे रे भो?"

आज मी याच गेटबद्दल बोलणार आहे, पण खऱ्या नव्हे. टेबलावर मावेल अशा, पुठ्ठ्याच्या गेटबद्दल, आणि त्यावर आलटून-पालटून लुकलुकणाऱ्या दोन लाल दिव्यांबद्दल.

मी कविता लिहितो. बी.ए.ला माझा विषय मराठी. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरताच असावा, असं कुणालाही वाटेल. पण कॉलेजच्या दिवसांत दोन वर्षं मी संध्याकाळी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसत असे. तिथल्या उस्तादांनी मला डाग द्यायला शिकवलं, रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे वाचायला शिकवलं आणि चटका बसल्यावर ओरडायचं नाही हेही शिकवलं. त्यातलं थोडं हातात राहिलं.

माझी मुलगी धुळ्याला दिली आहे. तिची मुलगी सहावीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला रेल्वे फाटकाचं मॉडेल करायचं होतं. तिचा फोन आला, "नाना, दिवे दोन हवेत. एक लागला की दुसरा विझला पाहिजे. आणि गाडी आली की आपोआप सुरू झाले पाहिजेत." एवढ्या तीन वाक्यांत तिने मला आठवडाभराचं काम दिलं.

आपल्याकडच्या बहुतेक गेटांवर असे जोडीचे दिवे दिसत नाहीत. आपल्याकडे आडवा येणारा दांडा असतो, त्यावर लाल तबकडी असते, आणि गेटमनच्या हातात दिवसा झेंडी व रात्री दिवा. लुकलुकणारा दिवा आपण पाहतो तो गाडीच्या शेवटच्या डब्यामागे. गाडी पूर्ण गेली, मागे एखादा डबा सुटून राहिला नाही, याची ती खूण. इंजिनाच्या माथ्यावरही पिवळसर फ्लॅशर असतो. आपल्या गाडीला काही अपघात झाला आणि शेजारच्या रुळावर धोका असला, तर ड्रायव्हर तो सुरू करतो, म्हणजे समोरून येणारा गाडी थांबवतो. अमेरिका-युरोपात मात्र फाटकावरच दोन लाल दिवे आडवे लावलेले असतात आणि ते पाळीपाळीने लागतात. मॉडेल बनवणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींनी तीच खूण उचलली आहे.

दोनच का? एक दिवा नुसता जळत राहिला तर डोळ्याला त्याची सवय होते. दुकानाच्या पाटीचा दिवा, मोटारीचा दिवा, त्यातलाच तो एक होऊन जातो. उघडझाप करणारा दिवा लक्ष खेचतो, पण तो विझलेला असतानाच नेमकी नजर गेली तर? दोन दिवे पाळीने लागले की केव्हाही पाहा, एक जळतच असतो, आणि शिवाय उजेड डावी-उजवीकडे हलल्यासारखा वाटतो. हलणारी वस्तू माणसाच्या डोळ्याला लवकर दिसते. अमेरिकेतला नियम सांगतो की, असा प्रत्येक दिवा मिनिटाला ३५ पेक्षा कमी आणि ६५ पेक्षा जास्त वेळा लागू नये. म्हणजे साधारण सेकंदाला एकदा. नाडीच्या ठोक्याच्या जवळपासची ही चाल आहे. याहून फार जलद केली तर डोळ्याला त्रास होतो, आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारा प्रखर उजेड काही अपस्माराच्या रुग्णांना घातक ठरू शकतो. मुलांच्या प्रदर्शनात दिवे लावताना हे ध्यानात ठेवावं.

आता दिवे लुकलुकवायचे कसे? आपल्यापैकी अनेकांनी पहिला फ्लॅशर पाहिला तो तोरणात. गणपतीच्या आराशीत किंवा ईद-ए-मिलादच्या रोषणाईत जुन्या बारीक बल्बांची माळ असायची. त्यातल्या एका बल्बच्या पोटात दोन धातूंची जोडपट्टी असे. बल्ब तापला की दोन धातू कमीजास्त फुगत, पट्टी वाकून तुटक होई आणि अख्खी माळ विझे. गार झाली की पट्टी सरळ होऊन माळ पुन्हा लागे. फार सोपी युक्ती. पण तिची चाल हवेवर अवलंबून. जळगावच्या मे महिन्यात पट्टी गार व्हायला वेळ लागणार आणि डिसेंबरात ती लवकर गार होणार. फाटकाच्या दिव्याला अशी लहरी चाल चालणार नाही. तिथे विजेचंच घड्याळ हवं.

आता कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. रेडिओवर आकृती दाखवता येत नाही, म्हणून तोंडीच सांगतो.

आधी दिवा. आपण वापरणार तो एलईडी. डोळ्यांना दिसणारा लाल उजेड देणारा पहिला एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली अमेरिकेत तयार केला. लाल सोपा निघाला, निळ्याने मात्र शास्त्रज्ञांना तीस वर्षं रखडवलं. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. आपल्याला लालच पुरे. एलईडीला दोन पाय असतात. लांब पाय अधिक, आखूड पाय उणे. उलटा जोडला तर लागत नाही. आणि हा दिवा खादाड आहे, मिळेल तेवढी वीज ओढून घेतो आणि स्वतःच जळतो. म्हणून त्याच्या वाटेत रेझिस्टन्स घालावाच लागतो. हिशेब शाळेतलाच. बॅटरी ९ व्होल्टची. लाल एलईडी स्वतःकडे सुमारे २ व्होल्ट ठेवतो. उरले ७. आपल्याला प्रवाह हवा १० मिलिअँपिअर. सातला शून्य पूर्णांक शून्य एकने भागा, उत्तर ७०० ओहम. बाजारात ७०० चा मिळत नाही, ६८० चा मिळतो. निळा, करडा, तपकिरी असे त्याचे पट्टे.

आता घड्याळ. त्यासाठी आठ पायांचा, करंगळीच्या नखाएवढा एक काळा किडा मिळतो, नाव ५५५. हान्स कॅमेंझिंड नावाच्या, जन्माने स्विस असलेल्या अभियंत्याने १९७१ मध्ये सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी तो आखला आणि पुढच्या वर्षी तो बाजारात आला. पन्नास वर्षं उलटली तरी तो जळगावच्या गोलाणी मार्केटात, पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चहाच्या किमतीत मिळतो. त्याच्या पोटात पाच-पाच हजार ओहमचे तीन रेझिस्टन्स आहेत, म्हणून त्याला ५५५ म्हणतात असं पुष्कळ जण सांगतात. कॅमेंझिंड यांनी स्वतः मात्र सांगून ठेवलं आहे की, तो आकडा कंपनीतल्या एका अधिकाऱ्याने सहज निवडला होता.

हा किडा काय करतो ते खानदेशातल्या माणसाला चटकन कळेल, कारण आपलं निम्मं आयुष्य पाणी भरण्यात गेलं. अंगणात एक रांजण आहे असं समजा. नळाची बारीक धार त्यात पडते. रांजण दोन-तृतीयांश भरला की आपण तळाची तोटी उघडतो. पाणी उतरत एक-तृतीयांशवर आलं की तोटी बंद. पुन्हा भरणं सुरू. दिवसभर हेच. ५५५ च्या बाहेर जोडलेला कॅपॅसिटर म्हणजे रांजण. रेझिस्टन्स म्हणजे नळाची चावी. किडा म्हणजे तोटीपाशी बसलेला डोळस माणूस. रांजण भरत असतो तोवर त्याच्या तिसऱ्या पायावर वीज असते, रिकामा होत असतो तोवर नसते. चावी बारीक केली किंवा रांजण मोठा घेतला की चाल मंदावते.

जोडणी अशी. आठव्या आणि चौथ्या पायाला बॅटरीचं अधिक टोक. पहिल्या पायाला उणे. आठ आणि सात यांच्यामध्ये १ हजार ओहमचा रेझिस्टन्स. सात आणि सहा यांच्यामध्ये ६८ हजारांचा. दोन आणि सहा एकमेकांना जोडा आणि तिथून उणे टोकाकडे १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. उस्ताद त्याला कंडेन्सरच म्हणायचे. याचंही अधिक-उणे पाहून लावायचं. पाचव्या पायापासून उण्याकडे एक बारकासा ०.०१ मायक्रोफॅरडचा लावला की किडा शांतपणे काम करतो. हिशेब असा की, ०.६९३ ला रेझिस्टन्स आणि कॅपॅसिटरने गुणायचं. भरताना दोन्ही रेझिस्टन्स मोजायचे, म्हणजे ६९ हजार, उत्तर येतं सुमारे ०.४८ सेकंद. रिकामं होताना एकच, ६८ हजार, उत्तर ०.४७. दोन्ही जवळपास सारखे. मिनिटाला ६३ फेऱ्या. म्हणजे अमेरिकेच्या नियमातही बसलो.

आणि दोन दिवे? तिसऱ्या पायापासून एक एलईडी रेझिस्टन्ससह उण्याकडे जोडायचा आणि दुसरा अधिकाकडून तिसऱ्या पायाकडे. पायावर वीज असली की पहिला लागतो, नसली की दुसरा. एकाच पायावर दोघांची पाळी. एक बारकावा सांगतो. ५५५ वीज देताना सुमारे दीड व्होल्ट स्वतःच खातो, त्यामुळे पहिला दिवा किंचित मंद दिसतो. त्याला ६८० ऐवजी ५६० ओहम द्या, म्हणजे हिरवा, निळा, तपकिरी. जोडी सारखी दिसेल.

५५५ नसेल तरी हे काम होतं. दोन ट्रान्झिस्टर, दोन कॅपॅसिटर, चार रेझिस्टन्स. लाकूड कापणारे दोन कारागीर मोठा आरा ओढतात तसं. एकाने ओढला की दुसरा ढिला पडतो, मग दुसरा ओढतो. या रचनेला मल्टिव्हायब्रेटर म्हणतात. हेन्री अब्राहम आणि यूजीन ब्लॉक या दोन फ्रेंच पदार्थवैज्ञानिकांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ती शोधली आणि १९१९ मध्ये जाहीर केली. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हते, त्यांनी व्हॉल्व्ह वापरले होते. बिनतारी संदेशाच्या लहरी मोजण्यासाठी त्यांना ती हवी होती. या दोघांचं पुढे काय झालं ते वाचलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. दोघंही ज्यू होते. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनांचा ताबा असताना दोघांनाही पकडून ऑशविट्झच्या छळछावणीत नेण्यात आलं. १९४३-४४ च्या त्या हिवाळ्यात दोघांचाही अंत झाला. अब्राहम तेव्हा पंचाहत्तरीचे होते. जगातली कितीतरी लुकलुकणारी यंत्रं या दोघांच्या युक्तीवर चालली, आणि त्यांना तसं मारणाऱ्यांनी त्यांची जात तेवढी पाहिली. नातीला मी हे सगळं सांगितलं नाही, ती लहान आहे. पण दोघांची नावं मात्र तिच्याकडून वहीत लिहून घेतली.

आता मॉडेलचं माप. जगात सर्वांत जास्त चालणारं माप ८७ पट लहान, त्याला एचओ म्हणतात. परदेशातला प्रमाण रूळ १,४३५ मिलिमीटर रुंद, तो या मापात साडेसोळा मिलिमीटर होतो. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, तो सव्वाएकोणीसच्या जवळ जातो. त्यामुळे बाहेरून आणलेल्या रुळावर आपली गाडी हुबेहूब बसत नाही. पण खानदेशची एक गाडी अशी होती की जिचा हिशेब फार छान जुळतो. पाचोरा-जामनेर, म्हणजे आपली पीजे. तिचा नॅरोगेज रूळ ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, पावणेनऊ मिलिमीटर. आणि बाजारात सर्रास मिळणारा सर्वांत लहान रूळ आहे नऊ मिलिमीटरचा. २०२० च्या टाळेबंदीत पीजे थांबली आणि त्या रुळांवर ती परत धावली नाही. मार्ग ब्रॉडगेज करायचं ठरलं. नातीने ती गाडी कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, आपण पीजेच करू. इंजिन आणि पाच डबे, पुठ्ठ्याचे, लांबी सत्तर सेंटिमीटर.

ज्यांना असं काम अगदी पूर्णत्वाला गेलेलं पाहायचं असेल त्यांनी पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय पाहावं. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराची हौस पणाला लावून ते उभं केलं आणि १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथे गाड्या, सिग्नल, रस्त्यावरचे दिवे असं एक आख्खं गाव हलतं-चमकतं. एका माणसाच्या छंदातून केवढं काय होऊ शकतं, हे तिथे समजतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बोर्डावर तारा जोडण्याआधी मी नातीला कागदावर मांडणी समजावून देत होतो. गाडी आली की बटण दाबलं जाईल, वीज सुरू होईल, दिवे लुकलुकतील. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाना, वायर तुटली तर?"

मी म्हटलं, "तर दिवे लागणार नाहीत."

"मग लोकांना वाटेल, गाडी येत नाहीये."

श्रोतेहो, फाटकाच्या सगळ्या शास्त्राचं मर्म त्या एका वाक्यात आहे. घरातला दिवा बिघडला तर अंधार होतो, एवढंच. पण धोक्याचा दिवा बिघडला आणि विझला, तर तो गप्प बसत नाही, तो खोटं बोलतो. तो सांगतो, खुशाल जा.

रेल्वेने या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी शोधलं. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने १८७२ मध्ये ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांच्या एका टुकड्याच्या या टोकाला बॅटरी, त्या टोकाला रिले, म्हणजे विजेने ओढून धरलेला खटका. रूळ मोकळे असतात तेव्हा वीज रुळांतून वाहत असते आणि खटका वर धरलेला असतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, वीज मधल्या मध्येच परतते, खटका पडतो आणि सिग्नल लाल होतो. खुबी पुढेच आहे. तार तुटली तरी खटका पडतो. रूळ तडकून वेगळा झाला तरी पडतो. बॅटरी संपली तरी पडतो. काहीही बिघडलं तरी उत्तर एकच, थांबा. सुरक्षित असल्याचा पुरावा सतत मिळत राहिला पाहिजे. तो थांबला की धोकाच समजायचा.

आपल्या खेळण्यातही हे करता येतं. एलडीआर नावाची एक चकती मिळते, बटणाएवढी. तिच्यावर उजेड पडला की ती वीज सहज जाऊ देते, अंधारात अडवते. अशा दोन चकत्या रुळाच्या स्लीपरांमध्ये बसवल्या, एकामागे एक अशा एकाच तारेत ओवलेल्या. एक फाटकाच्या ५० सेंटिमीटर अलीकडे, दुसरी फाटकाच्या १० सेंटिमीटर पलीकडे. मध्ये अंतर साठ, गाडी सत्तर, म्हणजे पहिली चकती उघडी पडण्याआधीच दुसरी झाकली जाते. डब्यांमधल्या फटींतून उजेड पडू नये म्हणून तिथे काळ्या कागदाची घडी चिकटवली.

आता एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. फ्लॅशरची उणे तार याच्यातून जाते, म्हणजे हा चौकीदार. त्याच्या बेसला अधिकाकडून ४७ हजार ओहममधून वीज येते, पट्टे पिवळा, जांभळा, नारंगी. आणि बेसपासून उण्याकडे या दोन चकत्यांची तार. टेबल-लॅम्पचा उजेड चकत्यांवर पडतो तोवर ती वीज चकत्यांतून निघून जाते, चौकीदार झोपलेला, दिवे बंद. गाडी चकतीवर आली, सावली पडली, वीज अडली, ती चौकीदाराकडे वळली, तो जागा झाला, दिवे सुरू. आणि नातीच्या प्रश्नाचं उत्तर असं की, चकतीची तार तुटली तर? वीज अडली, दिवे सुरू. टेबल-लॅम्प गेला तर? सावली, दिवे सुरू. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्येही फाटक खोटं बोलणार नाही.

एक मोह टाळावा. ५५५ चा चौथा पाय उण्याला टेकवला तर त्याचं घड्याळ थांबतं, म्हणून काही जण तिथेच बंद-चालू करतात. पण घड्याळ थांबलं तरी वरचा एक दिवा जळतच राहतो, कारण तिसरा पाय उण्यावर अडकतो. म्हणून मुळातली वीजच चौकीदाराच्या हाती द्यावी.

चालीचाही हिशेब सांगतो. ताशी ३० किलोमीटर धावणारी गाडी ८७ ने लहान केली की तिने सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर जावं. म्हणजे दिवे लागल्यापासून गाडी फाटकावर यायला पाच सेकंदांहून थोडं अधिक. मुलं नेहमी गाडी दामटतात. तसं केलं की मॉडेल खेळणं वाटतं, सावकाश सोडली की गाडी वाटते.

सगळं जोडून झालं तेव्हा नातीने एक तार ओढून तोडली. दिवे लुकलुकायला लागले. तिने ती पुन्हा जोडली, पुन्हा तोडली. मग म्हणाली, "पण नाना, ही बॅटरीच संपली तर?"

खरं आहे. तिथे आपलं नऊ व्होल्टचं शहाणपण संपतं. परदेशातल्या स्वयंचलित फाटकांत वीज पूर्ण गेली तर दांडा स्वतःच्या वजनाने खाली येतो. आपल्याकडच्या इंटरलॉक असलेल्या गेटवर दांडा पडून कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. म्हणजे शंका आली तर गाडी थांबते. नातीने मग दांड्याच्या मागच्या टोकाला वजन न लावता पुढच्या टोकाला लावलं आणि तो दोऱ्याने वर धरून ठेवला. दोरा सुटला की दांडा खाली. तिचं तिने शोधलं.

आणि या सगळ्या युक्त्या जिथे संपतात तिथे माणूस असतो. गेटवर काही अडकलं, ट्रॅक्टर बंद पडला, तर गेटमन हातात लाल झेंडी किंवा लाल दिवा घेऊन गाडीच्या दिशेने धावतो आणि रुळावर डिटोनेटर ठेवतो. चाकाखाली त्याचा बार झाला की ड्रायव्हर ब्रेक लावतो. गाडीतून जाताना रुळाकडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' अशी अक्षरं दिसतात. सीटी, फाटक. पुढे फाटक आहे, शिटी वाजव. त्या दोन अक्षरांत मला नेहमी आईचा सूर ऐकू येतो, जपून जा म्हणणारा.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील मी आठवीत असताना गेटमन नसलेल्या एका फाटकावर गेले. कापसाची गाडी होती. एक बैल वाचला. त्या मुलाने नंतर शाळा सोडली. तिथे दिवा नव्हता, दांडा नव्हता, माणूस नव्हता. अशी मानवरहित फाटकं पुढे हळूहळू कमी झाली. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१२ मध्ये तर देशातली सगळीच फाटकं, गेटमन असलेली आणि नसलेली, पाच वर्षांत काढून टाकून तिथे पूल किंवा भुयारी रस्ते करावेत अशी शिफारस केली. जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेजवरची सर्व मानवरहित फाटकं बंद झाली. उरलेल्या गेटांच्या जागीही पूल येत आहेत. एक दिवस असा येईल की रेल्वेगेट फक्त मॉडेलमध्येच उरेल. मला त्याचं दुःख होणार नाही.

तोवर मात्र गेट आहेत, आणि पडलेल्या दांड्याखालून मोटारसायकल आडवी करून काढणारे बहाद्दरही आहेत. बंद गेट उघडणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. पण कायद्याचं राहू द्या. त्या दांड्यामागे दीडशे वर्षांच्या लोकांनी विचारलेला प्रश्न उभा आहे, वायर तुटली तर काय? त्यांनी इतका विचार करून आपल्याला थांबवलं आहे. आपण पाच मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

घरात सहावी-सातवीतलं मूल असेल तर शंभर-दीडशे रुपयांचं हे सामान आणून द्या. जोडणी चुकली तर चुकू द्या, नऊ व्होल्टात कुणाला धक्का बसत नाही. फक्त डाग देताना तुम्ही शेजारी बसा. आणि दिवे लागले की टाळ्या वाजवून उठू नका. त्याला तार तोडून पाहायला सांगा.